ट्यूबचा अ‍ॅम्प आणि विहिरीवरची मोटर

तापलेल्या धुळीचा वास आला की कोल्हारजवळचं, आमच्या ड्रमवाल्याच्या शेतातलं ते रिकामं पोल्ट्री शेड आठवतं, तिथेच आम्ही सराव करायचो. आमच्या बँडमध्ये ड्रमपुढे माझी गिटार कुणाला ऐकूच यायची नाही, म्हणून हट्टाने मी दुकानातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा, काचेच्या ट्यूबांचा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा खोका, निवडला. दुकानदाराने तिथे पूर्ण आवाज करू दिला नव्हता. शेडमध्ये ट्यूबा आणि त्यांच्यावर बसलेली धूळ तापली, मी तार छेडली आणि तेवढ्यात विहिरीवरची मोटर सुरू झाली. व्होल्टेज पडलं, अ‍ॅम्प नुसता कण्हायला लागला. ड्रमवाल्याचे वडील दारातून म्हणाले, "लाईट आत्ताच आलीय. आधी ऊस भिजू द्या, मंग वाजवा काय वाजवायचं ते." ऊस भिजला आणि लाईट गेली. आता शहरातल्या फ्लॅटमध्ये लाईट जात नाही, पण अ‍ॅम्पचं आवाजाचं बटण जरा फिरवलं की खालचे काका बेल वाजवतात. त्या अ‍ॅम्पचा खरा आवाज मी अजून ऐकलेला नाही.