मालनबाईंचं होकायंत्र

हौस म्हणून बायका पाटल्या घडवून घेतात. आमच्या मालनबाईंनी होकायंत्र घेतलं. पळसदरीजवळच्या आमच्या गावात त्या शाळेवर शिकवायच्या. त्यांचे यजमान कोंडीराम रसायनीच्या कारखान्यात. त्यांनीच मुंबईच्या जुन्या बाजारातून हे पितळी झाकणाचं होकायंत्र आणून दिलं आणि मग जन्मभर पस्तावले. बाई भर बाजारात ते उघडून मेथीवाली वायव्येला बसलीय, असं त्यांना सांगायच्या. त्याला हात लावायची मात्र कुणाची टाप नव्हती.

चौऱ्याहत्तर साली बाईंनी आम्हा सातवीच्या मुलींना मागच्या डोंगरावर न्यायचं काढलं. पोरींना कशाला हव्यात सहली, म्हणून गाव अडून बसलं. बाई घरोघरी जाऊन भांडल्या. शेवटी, दिवेलागणीच्या आत परतलात तर पुढंही न्या, नाहीतर हे कायमचं बंद, असं ठरलं. सगळ्यात जास्त कुरकुरल्या धोंडूबाई. त्यांनी आपल्या लेकीला, चिंधीला धाडलं तेसुद्धा पिठल्यासाठी दिलेली लोखंडी कढई सांभाळायला.

माथ्यावर चूल मांडून पिठलं-भाकरी झाली, आणि आवरतोय तोच दाट धुकं उतरलं. बाईंना उलट आनंद झाला. गाव पश्चिमेला, म्हणून यंत्र बघत आम्ही पश्चिमेला निघालो आणि फिरून आपल्याच चुलीपाशी आलो. पुन्हा निघालो, पुन्हा चूल. कुणीतरी चकव्याचं नाव काढलं आणि रडारड सुरू झाली. चकवा-बिकवा काही नसतो, म्हणून बाई डाफरल्या खऱ्या, पण त्यांचा चेहरा उतरला होता. एवढ्या भांडून मिळवलेली सहल पहिली आणि शेवटचीच ठरणार होती. मला त्यांची फार दया आली.

चिंधी तर कढई काखेत मारून बाईंना बिलगूनच होती. ती त्यांच्या डावीकडून उजवीकडे आली, तसा होकायंत्राचा काटाही तिच्यामागं वळला. बाईंनी तिला परत डावीकडे बोलावलं. काटाही आला.

"हाच गं आपला चकवा," कढईवर टिचकी मारून बाई म्हणाल्या आणि हसत सुटल्या.

आता कढई यंत्रापासून लांब न्यायला हवी होती. पण आईच्या धाकानं चिंधी ती सोडेना, आणि भीतीनं रांगेच्या मागंही जाईना. मग बाईंनी गळ्यातलं होकायंत्र काढून तिच्या हातात दिलं, काटा कसा बघायचा ते शिकवलं, कढई स्वतःच्या डोक्यावर पालथी घातली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. ते आठवलं की अजूनही मला भरून येतं.

उजेड होता तोवर आम्ही खाली पोचलो. वेशीत सगळं गाव जमलं होतं. पुढं चिंधी, समोर घरं दिसत असूनही काट्यावरची नजर न हलवता चाललेली. शेवटी कढई सावरणाऱ्या हातांची काजळी कपाळभर माखलेल्या बाई. लोक खो खो हसले. आम्ही सगळ्यांनी एकदमच बोलत झाली हकीकत सांगितली.

धोंडूबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाईंच्या डोक्यावरची कढई काढून घेतली आणि आपल्या पदरानं त्यांचं कपाळ पुसलं.

"बाई, पुढल्या साली कढई ऱ्हाऊ दे घरी," त्या म्हणाल्या. "चिंधीला मातर न्या."