चाळणीतल्या बंदुका

माझी आई नगरला मिशनच्या बंगल्यावर आया होती. तिथल्या परदेशी डॉक्टरांची दोन मुलं तिच्या अंगाखांद्यावर वाढली आणि पुढं दूरच्या बोर्डिंगात गेली. जाताना त्यांनी आपली प्लॅस्टिकची माणसं मला दिली. त्यांच्या मुलखातले गुराखी, घोडेस्वार, डोक्यात पिसं खोवलेले धनुर्धारी, अशी बोटाएवढी चौदा माणसं. प्रत्येकाच्या मुठीला बारीक भोक होतं, कारण हत्यारं वेगळी असत आणि ती मुठीत बसवावी लागत. पोरांनी ती केव्हाच हरवली होती. माझ्याकडं आली ती नुसती रिकाम्या हातांची माणसं.

मी मोठी झाले, केडगावच्या शाळेत शिकवायला लागले, तरी ती माणसं टाकली नाहीत. उलट नोकरी लागल्यावर त्यांची हत्यारं शोधायला लागले. कॅम्पातल्या फौजी कुटुंबांची बदली झाली की मागं राहिलेल्या सामानात किंवा भंगारवाल्याच्या डब्यात कधी एखादी बंदूक सापडे. काडेपेटीतल्या काडीहून आखूड. पिस्तूल तर ज्वारीच्या दाण्याहून जरासं मोठं. अशी पाच हत्यारं मिळाली. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत कापूस घालून मी ती ठेवली होती.

माझे मामा काडेपेट्यांवरची चित्रं जमवत. पाहुणे आले की त्यांची वही निघायची आणि सगळे मान डोलवायचे. माझी बाटली दिसली की मात्र म्हणायचे, "लग्नाचं वय झालं, अजून खेळतेय."

एकदा मी मामांना विचारलं, "तुमच्या वहीत आणि माझ्या बाटलीत फरक काय?"

"माझा तो छंद आहे," मामा म्हणाले.

"माझाही छंदच आहे."

"बाईमाणसानं विणकाम करावं."

त्या दिवशी मी बाटली कपाटातून काढली आणि बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी खिडकीत ठेवली.

दुष्काळाच्या साली डॉक्टर कायमचे मायदेशी जायला निघाले. आवारात नवी इमारत होणार, असं आई सांगत आली. मी दुसऱ्याच दिवशी बंगल्यावर गेले. डॉक्टरांच्या पत्नी, मॅडम, पेट्या भरत होत्या. त्यांचं मराठी चांगलं होतं.

"मुलं लढाई कुठं खेळायची, आठवतं का?" मी विचारलं.

"चिंचेखाली. तिथं त्यांचा किल्ला होता. का?"

"तिथली माती चाळायची आहे. त्यांच्या बंदुका असतील."

मॅडमनी हातातली चादर खाली ठेवली. "जरूर चाळ," त्या म्हणाल्या आणि स्वतःच माळ्याचं खुरपं आणून दिलं.

मला सुट्टी रविवारचीच. उपासना सुटली, तशी चर्चच्या साडीवरच मी चिंचेखाली बसले. घरून रव्याची चाळणी नेली होती. पाऊसच नव्हता, त्यामुळं माती पिठासारखी गळत होती. चाळणीत चिंचोके राहायचे, खडे राहायचे, एक गोटी राहिली. रस्ता कुंपणाला लागूनच होता. चर्चमधून परतणारे थांबून बघत. पाण्याला निघालेली एक म्हातारी कुंपणाशी टेकली.

"काय शोधतीस गं? सोनं पडलं व्हय?"

"नाही आजी, बंदूक."

"लई मोठी हाय का?"

मी करंगळीचं पेर दाखवलं. तिनं स्वतःची करंगळी निरखली आणि हंडा उचलून गेली.

पहिल्या रविवारी एक सुरी मिळाली. दुसऱ्या रविवारी दोन बंदुका आणि एक धनुष्य. धनुष्य मी पदराच्या टोकाला बांधलं. घरी जाऊन ते एका धनुर्धाऱ्याच्या मुठीत बसवलं. घट्ट बसलं.

त्याच महिन्यात नेवाशाकडचं एक स्थळ मला बघायला आलं. मुलगा शिक्षक, सोबत त्याची आई. चहा झाला. मग त्याच्या आईनं विचारलं, "रविवारी मिशनच्या आवारात माती चाळत होती म्हणतात, ती तूच ना?"

बाबा घाईघाईनं म्हणाले, "अहो, तिचं काहीतरी हरवलं होतं."

"माझं हरवलं नव्हतं," मी म्हणाले. "दुसऱ्याचं हरवलेलं मी शोधत होते. बघायचंय?"

उत्तराची वाट न बघता मी बाटली त्यांच्यापुढं ठेवली. मुलानं एक बंदूक चिमटीत धरली, उजेडाकडं नेली. त्याला ती आवडली होती, हे मला दिसलं. आईनं त्याच्याकडं पाहिलं, तशी त्यानं ती परत ठेवली.

आठवड्यानं मामा निरोप घेऊन आले. "मुलगी पसंत आहे. फक्त ते सगळं टाकून द्यावं, एवढंच म्हणतात."

"मग त्यांना नाही म्हणून कळवा," मी म्हणाले.

"एवढ्याशा प्लॅस्टिकसाठी स्थळ घालवतेस?"

"त्यांनीच एवढ्याशा प्लॅस्टिकसाठी घालवलं. आज हे टाक म्हणतात, उद्या नोकरी टाक म्हणतील."

मामांनी आईकडं पाहिलं. ती म्हणाली, "तिनं सांगितलं ना, दादा. तसंच कळव. चहा घेणार का?"

बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. शाळेतही कुजबुज झाली. मुख्याध्यापकांनी बोलावून समजावलं, की लोक नावं ठेवतात. मी विचारलं, माझ्या वर्गाचा अभ्यास मागं पडलाय का? तो पडला नव्हता. त्यांनी मला वर्गावर जायला सांगितलं.

लग्न मी केलं ते पुढं सहा वर्षांनी, माझ्या मनानं. तोवर नगरात माझ्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं. ते माझ्या कानावर येत होतं, आणि उपासना सुटली की मी दर रविवारी भंगारवाल्यांचे डबे बघायला कॅम्पाच्या रस्त्याला लागत होते.