शेड-कार्डावरचं मानपत्र

देवाच्या खालोखाल कोंबडीला कुणी ओळखत असेल तर ते आमचे डॉक्टरसाहेब. देवाचंसुद्धा मी खात्रीनं सांगत नाही, कारण देवानं कोंबडी एकदाच घडवली आणि सोडून दिली. डॉक्टरसाहेब गेली पन्नास वर्षं तिच्यात दुरुस्त्या करत बसलेत. सरकारी संशोधन केंद्रातून निवृत्त होऊन ते आर्णीच्या अलीकडे दोन एकरात राहायला आले, तीन खोल्या स्वतःला आणि पाच शेड कोंबड्यांना बांधून. मी मूळचा कुडाळकडचा, शाळा सातवीतच सोडलेला. पिल्लांच्या गाडीवर क्लीनर म्हणून इकडे आलो आणि त्यांच्याकडे राहिलो, त्यालाही आता नऊ उन्हाळे झाले. इकडे वर्षं उन्हाळ्यांनी मोजतात, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. ते कसं कळलं, ते पुढं येईलच.

साहेबांच्या घरात शिरायचं तर आधी दारातल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये लाल औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे. हा नियम माणसांना नाही, जंतूंना आहे, असं ते म्हणतात, पण पाय माणसांचेच रंगतात. त्यांची पुतणी लग्नानंतर पहिल्यांदा जावयाला घेऊन आली, तेव्हा जावयाच्या पांढऱ्याशुभ्र मोज्यांसकट हा विधी झाला. जावई दिवसभर गुलाबी पायांनी फिरत होता आणि साहेब आपल्या बायकोला, आमच्या काकूंना, समाधानानं सांगत होते, "पोरगा चांगला आहे. तरतरी आहे, डोळे ओले नाहीत, चोच मिटलेली राह्यते." माणसांना ते 'काहून बे' असंच बोलतात, मग तो तलाठी असो की आमदाराचा भाऊ. कोंबड्यांना मात्र अहो-जाहो. "सरका बाई जरा," असं ते अंड्यावर बसलेल्या कोंबडीला म्हणतात, तेव्हा तिच्याही चेहऱ्यावर काही मान मिळाल्याचा भाव दिसतो, असं मला वाटतं. मला वाटतं म्हणजे वाटतंच. इतकी वर्षं त्यांच्याजवळ काढल्यावर माणूस धड राहत नाही.

शेडमध्ये ते उभे राहून बोलत नाहीत. आधी उकिडवे बसतात आणि दुसऱ्यालाही बसवतात. एकदा तालुक्याचे मोठे साहेब कडक इस्त्रीची पँट घालून पाहणीला आले होते. आमचे साहेब त्यांचा हात धरून म्हणाले, "बसा खाली. कोंबडीच्या उंचीवरून वास घ्या. उभ्या माणसाले शेड कधीच समजत नाही." मोठे साहेब बसले. उठताना त्यांना आम्ही दोघांनी धरलं, पण जाताना म्हणाले, "डॉक्टर, मी नोकरीत पहिल्यांदा काही पाहिलं." सकाळी नाश्त्याला बसले की साहेब अंडं आधी काचेवर फोडतात, मान वाकडी करून पांढऱ्याची उंची बघतात, वहीत टिपतात आणि मग काकूंकडे देतात. त्यात दुसरं कुणी बोलायला आलं तर तिथंच गोष्ट रंगते. काकू म्हणतात, "चाळीस वर्षांत या माणसानं एक आम्लेट गरम खाल्लं नाही. मलेच कळत नाही, मी लग्न कोणाशी केलं."

पण ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो ती त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा वेगळीच. दर जानेवारीत ते आपल्या अंगणात निवृत्त कुक्कुटशास्त्रज्ञांचा सत्कार करतात. का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "गाणाऱ्याचा सत्कार होते, कुस्तीवाल्याचा होते. ज्या माणसानं बावीस वर्षं नुसतं अंड्याचं टरफल पाह्यलं, त्याले कोण हार घालणार बे?" मग चार-पाच म्हातारी माणसं एसटीनं, पोरांच्या गाड्यांतून येतात, पाय लाल करून प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसतात. मी चहा फिरवतो आणि भारावून ऐकतो. एका बाईंनी लस उन्हात खराब होऊ नये म्हणून उमेदीची सारी वर्षं घातली. एकानं कोंबडीच्या अंगावरच्या उवांना आयुष्य दिलं आणि त्याचं त्याला जराही वाईट वाटत नाही. आमच्या साहेबांनी तर उघड्या मानेची कोंबडी तयार केली. मानेवर पिसं नाहीत, म्हणून ऊन सोसते, आणि ती आता तांड्यातांड्यात फिरते. शाल-श्रीफळाच्या जागी सत्कारमूर्तीला नवा एप्रन आणि अंड्यांचा एक ट्रे मिळतो. बाजूच्या बंजारा तांड्यावरची एक म्हातारी, जिला सगळे याडी म्हणतात, म्हणजे त्यांच्या बोलीत आई, दर वर्षी पहिल्या रांगेत बसते. एवढी शिकलेली माणसं एका कोंबडीपुढं वाकतात हे बघायला आपल्याला आवडतं, असं ती सांगते.

या सत्कारात नागपूरहून टरफलवाले साहेब येतात, आमच्या साहेबांचे जुने मित्र. आल्या आल्या त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "काय पडदेवाले, यंदा किती भाजले?" सगळे हसतात. साहेबही हसतात, म्हणतात, "माहीच सूचना कमी पडली होती बावा." आणि मी दर वर्षी त्या क्षणी चहाचा ट्रे घेऊन आत निघून जातो.

कारण पडदे मी सोडले होते. माझा पहिला मे महिना. साहेब सकाळी पुसदला जाताना तीनदा सांगून गेले होते की दुपारी गरम वारा सुटला की शेडच्या बाजूंना ओली पोती लावायची, त्यावर पाणी मारत राहायचं, प्लॅस्टिकचे पडदे मात्र वरच ठेवायचे. दुपारी तो वारा सुटला. कोकणात वारा सुटला की पडदे खाली घ्यायचे, हे आमच्या हाडात भिनलेलं. मला वाटलं, आग बाहेरच थोपवावी. मी चारी बाजूंनी पडदे सोडून दोऱ्या घट्ट बांधल्या आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. तासाभरानं आत गेलो तेव्हा हवा कोंडून भट्टी झाली होती आणि कोंबड्या पंख पसरून मरून पडल्या होत्या. एकशे सत्तावीस. मी माझी पिशवी भरली.

साहेब आले तेव्हा मी पिशवी मांडीवर घेऊन शेडच्या दारात बसलो होतो.  ते सरळ आत जाऊन उकिडवे बसले. मग दारावर टांगलेलं शेडचं कार्ड खाली घेतलं. आमच्याकडे प्रत्येक शेडच्या दारावर असं कार्ड असतं: लॉट, दाखल, खाद्य, पाणी, उत्पादन, मर, कारण, शेरा आणि शेवटी निकासी, म्हणजे लॉट कधी उठला ते. साहेबांचा कायदा असा की यात रिकामा रकाना म्हणजे खोटा रकाना. काहीच नसलं तर निदान आडवी रेघ मारायची. त्यांनी 'मर'खाली आकडा लिहिला आणि 'कारण'खाली लिहिलं : सूचना अपुरी. खाली सही केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पिशवी ठेव अन् खड्ड्यात टाकायले चुना आण."

यंदा काकूंनी ठरवलं की सत्कार साहेबांचाच करायचा. साहेब म्हणाले, "यजमानानं आपल्याच पंगतीत बसू नाही." काकू म्हणाल्या, "बसा. तब्येत पाह्यली का आपली?" आणि मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी म्हणालो, काकू, मी सातवी. त्या म्हणाल्या, "म्हणूनच. शिकलेला माणूस 'ज्ञानाचे सागर' लिहीन. यायले सागर नको, शेड पाहिजे." आठ दिवस मी कागद फाडले. मला येणारं लिहिणं एकच, कार्ड भरणं. शेवटी एक कोरं कार्ड घेतलं.

अंगणात उभा राहिलो, कार्ड समोर धरलं. वाचलं, "लॉट : एक नग. दाखल : महागावकडच्या एका खेड्यात, तेव्हा अंगावर पिसं नव्हती." लोक हसले. "खाद्य : ज्वारीची भाकर, शिष्यवृत्ती आणि गार आम्लेट." काकूच सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. "उत्पादन : उघड्या मानेची कोंबडी, मोजदाद नाही." याडीनं टाळी वाजवली. मग 'मर' आलं. तेही वाचलं, "मर : एकशे सत्तावीस. कारण : पडदे मी सोडले. सूचना पुरी होती, तीनदा दिली होती. सही डॉक्टरसाहेबांची आहे, चूक माझी आहे."

 साहेब खुर्चीतून पुढं झुकले. "सही झालेल्या कार्डात खाडाखोड चालत नाही, माहीत नाही का तुले?"

"खाडाखोड नाही साहेब," मी म्हणालो. "नवं कार्ड आहे."

टरफलवाले साहेबांनी कप खाली ठेवला. "इतकी वर्षं मी तुले पडदेवाला म्हणून राह्यलो, अन् तू नुसता हासला? बोलला काहून नाही बे?"

साहेबांनी चष्मा काढून एप्रनला पुसला. "अरे, नवीन माणूस. घर त्याचं तिकडं समुद्राजवळ. तो पिशवी भरून बसला होता. मेल्या एकशे सत्तावीसच होत्या; एकशे अठ्ठाविसावा कायले घालवू?"

टरफलवाले साहेब उठून माझ्याजवळ आले, माझ्या हातून कार्ड घेतलं, पूर्ण वाचलं आणि साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी मान वाकडी करून, अंडं बघतात तसं, वरून खालपर्यंत बघितलं. बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं. निकासी. तिथं मी काहीच लिहिलं नव्हतं.

"हा रकाना रिकामा काहून?"

मी खाली वाकून रिकामे कप गोळा करायला लागलो. काकूंनी पदर तोंडाला लावला. साहेबांनी सवयीनं खिशातला पेन काढला, टोपण उघडलं, आडवी रेघ मारायला हात नेला आणि तसाच थांबवला. माझ्याकडे बघितलं. मग टोपण लावून पेन परत खिशात ठेवला. "राहू दे," म्हणाले.

ते कार्ड आता पहिल्या शेडच्या दारावर खिळ्याला टांगलेलं आहे. रोज सकाळी साहेब हळूहळू, काठी टेकत तिथपर्यंत येतात, आत उकिडवं बसायला आता त्यांना माझा खांदा लागतो. बाहेर पडताना ते कार्डाकडे एक नजर टाकतात. इथले सगळे रकाने मी रोज संध्याकाळी तपासतो, एकही सुटू देत नाही. तो एक सोडून.