पोवळी लावणारं स्थळ

धाकट्या बहिणीसाठी केडगावहून स्थळ आलं, तेव्हा माझा पहिला सवाल हाच होता की काडीमोड झालेल्या मुलीला चांगल्या नोकरीतला मुलगा मागणी घालतोच कशाला? पहिल्या सासरच्यांनी कायमची नोकरी, बागायती जमीन असं बरंच ऐकवलं होतं. वर्षाच्या आत ती आमच्याकडं कारेगावला परत आली, आणि त्यातलं काहीच खरं निघालं नाही. तेव्हापासून मला साध्या नमस्कारातही काळंबेरं दिसायचं.

त्यात या मुलाचं काम. म्हणे तमिळनाडूच्या समुद्रात बुडी मारून पोवळी लावतो. आमच्याकडे पोवळं म्हणजे मंगळासाठी बोटात घालायचा खडा. तो लावायचा कुठं? मामांनी अंगठीसाठी एक मागून पाहिलं, तर मुलगा म्हणाला, अंगठीतल्या पोवळ्याची जात वेगळी, आणि तिथली उचलायला बंदी आहे. मला हे फारच सोयीचं वाटलं. कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवर तिकडचाच एकजण होता. त्याला खोदून विचारलं, तर तो म्हणाला, आमच्या गावात पोवळी फोडून चुन्याच्या भट्टीत घालायचे. झालं! हा पोरगा बंदी असलेली पोवळी काढून चोरटा माल विकतो, असं मी घरी सांगून टाकलं.

बघण्याच्या दिवशी मी तयारीतच बसलो होतो. त्यानं सांगितलं, पोवळी जिवंत असतात. हल्ली समुद्राचं पाणी फार तापतं, मग ती पांढरी पडून मरतात. काही मात्र तगतात. त्यांचेच तुकडे काढून, सिमेंटच्या लाद्यांना बांधून तो उजाड जागी लावतो.

"म्हंजी उसाचं बेणं निवडतो तसं," आबा, आमचे वडील, म्हणाले. आबा विरघळले हे पाहून मी आणखीच चिडलो.

चहा ठेवून बहिणीनं आत जायचं, अशी पद्धत. ती तिथंच उभी राहिली. "लावलेली समदी जगत्यात का?" तिनं विचारलं.

"न्हाई. निम्मी मरत्यात," तो म्हणाला. "पानी आजून तापलं, तर ऱ्हायलेलीबी जातील."

त्याचे वडील घाईघाईनं सावरू लागले, तसं काही नाही, काम मोठं आहे, साहेबांनी कौतुक केलंय. तो पुन्हा तेच म्हणाला, निम्मी मरतात. मला बरं वाटलं. स्थळ मोडलं, असं मी धरूनच चाललो.

बहिणीनं आबांकडं पाहिलं. "मला पसंत हायेत. पयल्या सासरच्यांनी येवढं जरी खरं सांगितलं असतं, तर मी त्या घरात गेलेच नसते."

मी मनात जुळवून ठेवलेले प्रश्न तसेच राहिले. मी चहाचा कप उचलून त्याच्या हातात दिला.