जखमीचा वाटा आधी

निर्मला रोह्याच्या मैदानात मॅटवर पडली होती, उजवा गुडघा भलतीकडे वळला होता, आणि तिच्या कॉलेजच्या क्रीडा समितीचे अध्यक्ष माइकवर सांगत होते, "डॉक्टर येईपर्यंत पाहुण्यांचा सत्कार उरकून घेऊ." डॉक्टर कुणी बोलावलाच नव्हता. पाहुण्यांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, फोटो निघाले. शेवटी मी आणि तिच्या संघातल्या दोघींनी तिला उचलून आमच्या गावच्या टेम्पोत घातलं. दात आवळून ती मला म्हणाली, "काकी, माझा पॉइंट धरला का नाय?"

"गप गो, मेले," मी म्हटलं.

ही माझ्या शेजारची. सुट्टीत जोहे गावातल्या गणपती कारखान्यात माझ्या बाजूला बसून मूर्तींना पॉलिशपेपर मारायची. तिची एक मूर्ती होईपर्यंत माझ्या तीन व्हायच्या, कारण तिचं हातापेक्षा तोंड जास्त चालायचं. दिसायला काही खास नाही. पण कबड्डीत चढाईला गेली की समोरच्या पोरी आपोआप मागे सरकायच्या. कॉलेजने तिला त्यासाठीच बोलावून घेतलं होतं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. नाव घेतलं तर आणखी एक सत्कार ठेवतील.

समितीत सात पुरुष. एकाचंही पोट पट्ट्यात मावत नव्हतं. प्रत्येक पोराकडून खेळाची फी घ्यायची आणि त्यातून शाली, बॅनर, जेवणं करायची. खेळणाऱ्या पोरींना एक वडापाव आणि दोघींत एक केळं. निर्मला म्हणायची, "कप त्यांच्या कपाटात, दुखणं आमच्या अंगात."

आमच्या गावच्या कबड्डी मंडळाची रीत वेगळी. बक्षीस मिळालं की देवळात बसून वाटे घालतात. जखमीचा वाटा पहिला निघतो, आणि मैदानात न उतरलेल्याला तिथे तोंड उघडायची सोय नाही, मग तो सरपंच का असेना. निर्मला हेच बघत वाढली. तिला वाटलं कॉलेजातही असंच असेल. काठी टेकत समितीपुढे गेली आणि म्हणाली, "माझा वाटा काढा." सातही जण हसले. "बाळ, हे कॉलेज आहे, गावची जत्रा नाही."

मग संघातल्या पोरी अडून बसल्या. खेळाच्या फीतून जखमीचा उपचार करायचा आणि समितीत खेळाडूंनी निवडलेल्या दोघी घ्यायच्या. तोवर एकही सामना खेळायचा नाही. समितीने डोकं चालवलं आणि अध्यक्षांच्या भाचीला खेळाडू प्रतिनिधी नेमलं. ती कॅरम खेळायची. निर्मला म्हणाली, "कॅरममध्ये फार तर नख मोडतं. नखाचा वाटा काढायचा काय?"

मग अध्यक्ष स्वतः कारखान्यात आले. पालथ्या बादलीवर बसले. बादलीला ओला रंग होता, ते आम्ही सांगितलं नाही.

"निर्मला, तुझ्या ऑपरेशनचा खर्च आमच्याकडे लागला. पोरींना खेळायला सांग."

"आणि उद्या सुगंधा पडली तर?" सुगंधा तिच्याच संघातली.

"तिचं तेव्हा बघू."

"मग माझंपण तिच्याबरोबरच बघा."

ते गेल्यावर मी तिला झापलं. ऑपरेशन लवकर झालं नाही तर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरने बजावलं होतं. रोह्याची एक कंपनी तिला संघात घेऊन नोकरी देणार होती, तीही त्या पायावरच.

"अक्कल विकलीस काय गो? हो म्हणायचं होतंस!"

"काकी, मी घेतलं तर पोरी कुणाच्या जोरावर बसतील? उद्या सगळ्या मॅटवर. मग कोण विचारतंय?"

"विचारू नये कुणी. तुझा पाय बघ!"

"बघतेय ना. रोज तोच तर बघतेय."

स्पर्धेला संघाची नावं द्यायचा शेवटचा दिवस आला तेव्हा समिती वाकली. नियम लिहिला, दोघी समितीत घेतल्या. खाली एक ओळ घातली: हा नियम यापुढच्या जखमांना लागू. पोरी चिडल्या, कागद फाडायला निघाल्या. निर्मलाने हिसकावून घेतला. "मधल्या रेषेला बोट लागलंय गो. पॉइंट आपला. आता उगाच मागं फिरू नका." काठी बगलेत धरून तिने सही ठोकली. माझा मात्र शिव्या देऊन घसा बसला.

पुढच्या वर्षी सुगंधाचा खांदा निखळला. कॉलेजने मुकाट्याने सगळा उपचार केला, आणि बॅनरवर नियमाचं श्रेय अध्यक्षांना दिलं. खांदा बरा झाल्यावर कंपनीची ती नोकरी सुगंधाला मिळाली.

निर्मलाचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात नंबर लागून झालं, दीड वर्षाने. गुडघा पुरता वाकला नाही. गेल्या वैशाखात लग्न होऊन ती माणगावला गेली. उजवा पाय ओढत चालते. वय तेवीस.