सायकलीचे हँडल रात्री कोण फिरवते

सायकल बाहेर काढली की मी आधी ती तपासतो, आणि मी तपासायला लागलो की घरातले सगळे दारात येऊन उभे राहतात. हसायचे कारण मीच एकदा सांगून बसलो आहे, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार?

तारापूरला वीजकेंद्राचे बांधकाम जोरात होते तेव्हाची गोष्ट. मी देशावरून येऊन तिथे स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागलो होतो. बोईसरला आंब्याच्या एका वाडीत आम्ही नवरा-बायको भाड्याने राहत होतो. बायकोला सहावा महिना होता. मालकांची विहीर अंगणातच, म्हणून तर ती खोली घेतली. दुसरी विहीर पार रुळांपलीकडे. मालक म्हणजे साठी उलटलेले, काटकुळे, कमी बोलणारे गृहस्थ. बायको त्यांना काका म्हणायची.

कामावर जायला मी पालघरहून एक जुनी सायकल आणली. दुकानदाराने बजावले होते, रोज बसण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलायची; सरकली तर ब्रेक कामाचे नाहीत. मग पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरवून बघायचे. चाक जागेवर राहून हँडल फिरले, तर वरचा नट सैल. कोणता ब्रेक कोणत्या चाकाचा हेही त्याने सांगितले होते, ते मी पालघर स्टेशन येईपर्यंत विसरलो. हँडलचे मात्र पक्के लक्षात ठेवले.

ब्रेक रोज ठीक असायचे. हँडल रोज फिरायचे. संध्याकाळी मी पान्याने नट आवळून, हँडल डोळ्यांनी नीट सरळ बघून सायकल पडवीत लावायचो, आणि सकाळी गुडघ्यांत चाक धरले की हँडल बाजूला. घाईत कधी तसाच निघायचो. म्हणजे हँडल नवापूरकडे, चाक तारापूरकडे आणि मी अंदाजाने मधे कुठेतरी.

चार-पाच दिवस असे झाल्यावर मला वाटायला लागले की रात्री कोणीतरी हे मुद्दाम करते. पडवी मालकांची. त्याच आठवड्यात अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासावरून मी काहीतरी बोललो होतो. धागा जुळला. मी मालकांना म्हणालो, आमची अडचण होत असेल तर तोंडावर सांगा, हँडलावर राग काढू नका.

त्या संध्याकाळी बायको रिकामा हंडा घेऊन परत आली. विहिरीच्या रहाटावरचा दोर काढलेला होता.

दुसऱ्या दिवशी ती रुळांपलीकडून पाणी घेऊन आली ती तासाभराने. पाय सुजलेले. मी हंडा घ्यायला पुढे झालो तर तिने दिला नाही. "तुमचं हँडल कुठे का बघेना," ती म्हणाली, "मला पाणी हवंय."

पण मला आधी पुरावा हवा होता. रात्री नट आवळला, सायकल खोलीत घेतली, खाटेच्या पायाला बांधली आणि आतून कडी लावली. सकाळी उठून चाक गुडघ्यांत धरले. हँडल फिरले. बंद खोलीत आम्ही दोघेच. मी बायकोकडे बघितले.

"माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली.

मग मी ती वाकडी सायकल घेऊन अंगणात गेलो. मालक ओट्यावर दात घासत बसले होते. मी खाली मान घालून सगळे सांगितले. खोलीत ठेवली होती का, कडी लावली होती का, एवढे त्यांनी विचारले. मग चूळ भरून म्हणाले, "कसा तपासता ते बगू."

मी हँडल सरळ केले, नट पुन्हा आवळला, चाक गुडघ्यांत धरले. आता हेही सांगायला हवे की लग्नाआधी मी चार वर्षे तालमीत घालवली होती. दंड-बैठकांनी माझे दुसरे काही भले झाले नाही, पण मांड्यांत आलेली वस्तू सुटत नसे. दोन्ही हातांनी मी हँडल पिळले. ते फिरले.

"बघा," मी म्हणालो, "आहे की नाही सैल?"

मालक ओट्यावरून उतरून जवळ आले. मग म्हणाले, "भाऊ, तुमाला ता बगाचा हाय का उपटाचा हाय?"

खरे सांगतो, तेव्हाही मला कळले नाही. मी म्हणत राहिलो, पण फिरले ना, म्हणजे रात्री कोणीतरी... आणि मागे दारात बायको हसायला लागली. तिचे हसणे थांबेना, तेव्हा कुठे रोज सकाळी त्या सायकलीला हात लावणारा माणूस कोण, हे माझ्या डोक्यात हळूहळू उतरू लागले.

मालकांनी घरातून मोठा पाना आणला, नट आवळला, चाक पायांत धरून हँडल हलकेच हलवून दाखवले. ते जागचे हलले नाही. मी माफीचे काहीतरी पुटपुटत होतो, ते त्यांनी ऐकले नसावे. ते आत गेले आणि दोर घेऊन आले, रहाटावर चढवला.

"पोरी, पानी ने," ते बायकोला म्हणाले. "आन ह्याला रहाटाला हात लावू देव नको."

तिने माझ्याकडे बघितले. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.