येनाच्या मामांचा उंट

एके काळी अख्ख्या सातारा जिल्ह्यात माझ्या मामेसासऱ्यांइतका हट्टी माणूस नव्हता. पुढे ते डॉक्टरेट करायला जर्मनीतल्या येना गावी आले, इथेच राहिले, आणि तो मान साताऱ्याकडून जर्मनीकडे गेला. जर्मनी हा नियमांचा देश आहे आणि इथे आलेला आपला माणूस वर्षभरात निमूटपणे रांगेत उभा राहायला शिकतो. मामाही रांगेत उभे राहतात, पण 'तुम्हाला हे जमणार नाही' किंवा 'हे असं चालत नाही' असं कोणी म्हटलं की त्यांच्या मिशा थरथरतात आणि मामी मनातल्या मनात देवाला हात जोडतात. त्यांच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहते. रविवारी शांतता पाळायची असते आणि मामा नेमके रविवारीच खलबत्त्यात दाण्याची चटणी कुटतात, म्हणून ती एकदा तक्रार करायला वर आली. मामांनी तिला घरात घेतलं, खुर्ची दिली आणि बत्ता हातात दिला. "आल्झो, हं तर, आधी कुटून बघा, मग बोलू," म्हणाले. आता रविवारी ती कुटते आणि मामा वर्तमानपत्र वाचतात. तक्रार करायला खालच्या मजल्यावर आता कोणी उरलेलं नाही.

मामांचा धंदा काचेचा. बंदुकीवर जी दुर्बीण बसवतात तिची भिंगं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. त्यामुळे जगातली कुठलीही काच मळकी दिसली की त्यांचा जीव कासावीस होतो. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी भटजींच्या नाकावरचा चष्मा अलगद काढला, खिशातल्या मऊ फडक्यानं पुसला आणि पुन्हा बसवला. भटजी दचकले आणि एक ओळ दोनदा म्हणाले. माझी बायको अंतरपाटाच्या कडेनं डोकावून हसली, आणि मला वाटलं ती मला पाहून हसतेय. पुढे खरं कारण कळलं, पण तोवर फार उशीर झाला होता.

अशा ह्या माणसाला शिकारीचं वेड लागलं, आणि तेही जन्मभर शाकाहारी असताना. कारण अर्थातच कोणीतरी जमणार नाही म्हणालं होतं. कारखान्यात दुर्बिणी तपासायला एक शिकारी यायचा. मामांनी त्याला एका भिंगाबद्दल काही सुनावलं, तर तो म्हणाला, "तुम्ही काच घासा. ह्या काचेतून जिवंत जनावर कसं दिसतं ते तुम्हाला कधीच कळणार नाही." मामांनी त्याच आठवड्यात याग्डशाइनच्या वर्गाला नाव घातलं. याग्डशाइन म्हणजे शिकारीचा परवाना. त्याची परीक्षा इतकी अवघड असते की भलेभले जर्मन नापास होतात. झाडांची पानं ओळखा, खुरांचे ठसे ओळखा, मेलेल्या हरणाचं पोट फाडून काळीज निरोगी आहे का ते सांगा. मामांनी आयुष्यात कधी अंडं फोडलं नव्हतं. त्यांनी हरणाचं पोट फाडलं, काळजाचं वर्णन केलं, घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि वरणभात खाल्ला. मामींनी विचारलं, "अहो, खाणार नाही तर मारायचं कशाला?" मामा म्हणाले, "जिभेसाठी मारणारे पुष्कळ आहेत. आपलं तसं नाही, म्हणजे आपला नेम जास्त स्वच्छ." 

परवाना मिळाला, पण मामांनी जर्मनीच्या जंगलात कधी एक गोळी झाडली नाही. पहाटे मचाणावर चढायचे, पोह्यांचा डबा उघडायचे आणि दुर्बिणीतून पाहत बसायचे. कधी हरणीबरोबर पाडस असायचं, कधी धुकं असायचं, कधी रानडुकरं फोडणीच्या वासानं आधीच पसार झालेली असायची. तो शिकारी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर हसायचा. शिकारीतली एकच गोष्ट मामांना मनापासून भावली होती. इथले जुने शिकारी जनावर पडलं की टोपी काढतात, झाडाची एक डहाळी मोडतात आणि त्याच्या तोंडात शेवटचा घास म्हणून ठेवतात. "आपण जाणाऱ्याच्या तोंडात तुळशीपत्र ठेवतो, तेच हे," मामा मला सांगायचे. "जावईबापू, मारणाऱ्यानं एवढं तरी करायलाच हवं."

उंट आला तो ह्याच वाटेनं. मामांच्या वाचनात आलं की ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात रानटी उंटांचे कळप माजले आहेत. इंग्रजांनी ओझी वाहायला ते आपल्या मुलखातून बोटीनं नेले होते. मोटारी आल्या तसे ते सोडून दिले, आणि सोडलेले उंट वाढत गेले. आता ते पाणवठे कोरडे करतात, नळ तोडतात, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालतात आणि बरेचसे तिथेच कुजू देतात. मामा संतापले. त्यांनी मला म्युनिकला फोन केला. आमचं घर म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला आहे आणि मी तेव्हा ऑफिसात मीटिंगमध्ये होतो, पण मामांचा फोन कापायची हिंमत आमच्या घराण्यात कोणाची नाही. "आपल्याकडची जनावरं, परक्या देशात राबवली, गरज सरली तेव्हा हाकलली, आणि आता वरून मारून टाकतात. तोंडात डहाळीसुद्धा नाही. मी जाणार आणि निदान एकाला नीट मारणार." उंट वाचवायला निघालेली माणसं मी पाहिली होती. उंटाचा मान राखायला त्याला मारायला निघालेला माणूस पहिल्यांदाच पाहत होतो.

हे सगळं वेड दोन-चार महिन्यांत ओसरलं असतं. पण त्याच सुमारास मामांनी कारखान्यात भिंगांची एक खेप परत पाठवली, कारण त्यातून सरळ रेघ नागमोडी दिसत होती. दुसरी खेप आली, तीही त्यांनी परत पाठवली. हाताखालच्या मुलीनं ती तपासली आणि हळूच म्हणाली की काचेत काही दोष नाही.  मामांनी डावा डोळा झाकून खिडकीच्या चौकटीकडे पाहिलं, तर चौकटही वाकडी झाली होती. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चालला होता. डॉक्टरनं डोळ्यात इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली आणि सांगितलं की ह्यानं वेग कमी होईल, पण तो थांबेल ह्याची खात्री नाही. नेम धरायचा डोळा उजवा, आणि नेमकी मधली नजर जाणार. मामांना आता उंट पुढच्या हिवाळ्याच्या आत हवा होता.

घरात रण पेटलं. मामांची मुलगी सई लाइपझिगला असते. वडील शाकाहारी, तर ही त्याच्याही पुढची, दूध-तूपसुद्धा वर्ज्य. तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर नेहमी जर्मनमध्ये. ती येनाला आली, स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, दास गेट गार निश्ट." म्हणजे हे अजिबात चालणार नाही. मला वाटलं, ही पोरगी इतकी वर्षं घरात राहिली आणि वडिलांना ओळखत नाही. मामा शांतपणे म्हणाले, "बेटा, तुला पटत नाही ते बरोबर आहे. मला पटतं ते मी करणार." सई त्या संध्याकाळी न जेवता गेली आणि तिनं वडिलांचा फोन घेणं बंद केलं. मामींनी देव पाण्यात ठेवायचे तेवढे राहिले होते. शेवटी त्यांनी मला फर्मावलं, "जावईबापू, ह्यांना आता एका डोळ्यावर विमानतळावरच्या पाट्या धड वाचता येत नाहीत. तुम्ही बरोबर जा. आणि मेतकुटाची बाटली विसरू नका."

तर आम्ही गेलो. मामांनी स्वतः तपासून घेतलेली एक दुर्बीण बरोबर नेली. बंदूक आमच्या यजमानाची होती. तो वाळवंटातल्या एका अफाट गुरांच्या कुरणाचा मालक. त्याला आमचं काही कळत नव्हतं, पण उंटांनी त्याचे पंप मोडले होते आणि कोणीही येऊन एक उंट कमी केला तर त्याला हवंच होतं. पहिल्याच दिवशी पाणवठ्यावर उंट आले. मामा वाळूवर पालथे पडले, दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. मग उठून म्हणाले, "आज नाही. दुर्बिणीतल्या फुलीच्या दोन्ही काड्या मधे वाकतात. जखमी करून सोडायचा नाही." यजमान म्हणाला, एवढं मोठं जनावर आहे, कुठेही लागलं तरी चालेल. मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्याची कीव आली. दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. यजमान वैतागला आणि मला वाटू लागलं की आता हात हलवत परत जायचं. मला बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं, आणि मामांकडे पाहिलं की वाईटही वाटत होतं. त्यांनी तंबूत एका कागदावर सरळ रेघ मारून ठेवली होती आणि ती रोज सकाळी उजव्या डोळ्यानं पाहायचे.

मग एका सकाळी ते म्हणाले, "आज रेघ बरी आहे. चला." एक म्हातारा नर पाण्याशी एकटाच आला. मामा सरपटत सरपटत इतके जवळ गेले की यजमानानं श्वास रोखला. त्यांनी नेम धरला, थांबले, पुन्हा धरला. गोळी सुटली आणि उंट जागच्या जागी बसला, एखाद्यानं सांगितल्यासारखा, आणि मग आडवा झाला. मामा चालत त्याच्यापाशी गेले. टोपी काढली, तिथल्या खुरट्या झुडपाची डहाळी मोडली, त्याच्या ओठात ठेवली आणि शेजारी वाळूत मांडी घालून बसले. यजमान जीप चालू करून भोंगा वाजवत होता. मामा हलेनात. थोड्या वेळानं म्हणाले, "त्याला सांगा, ह्याला असा टाकून मी येणार नाही. ह्यातलं खाल्लं पाहिजे." यजमानानं डोक्याला हात लावला, पण पाठीचा तुकडा कापून निखाऱ्यावर भाजला. जन्मभर शाकाहारी असलेल्या मामांनी त्यावर मेतकूट भुरभुरवलं, डोळे मिटले आणि सावकाश चावून एक घास गिळला. "मीठ कमी आहे," म्हणाले. मी आठवड्यातून दोनदा कोंबडी खाणारा माणूस, पण माझ्या घशाखाली तो घास उतरला नाही. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

परत आल्यावर मामींनी दारातच विचारलं, "मारला?" मामा म्हणाले, "मारला. खाल्ला." मामी म्हणाल्या, "आधी आंघोळ करून या." पण बाहेर कोणी विचारलं की त्या सांगू लागल्या, "नाही हो, नुसते बघून आले. नेम धरला आणि दया आली. ह्यांच्याच्यानं मुंगी मरत नाही." लोकांना तेच हवं होतं. मी सईला फोन करून खरं काय घडलं ते सगळं सांगितलं, डहाळीचं, बसण्याचं, घासाचं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

दिवाळीला आमच्या मराठी मंडळाचा फराळ उंटरश्लाइसहाइमच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये होता. मामा-मामी येनाहून आले. मामींच्या आग्रहाखातर सईही आली आणि वडिलांपासून चार खुर्च्या लांब बसली. आणि अध्यक्षांनी अचानक मामांना मंचावर बोलावलं. शाल होती, नारळ होता, भाषण होतं. "चाप ओढायच्या क्षणी ह्यांच्यातला माणूस जागा झाला," अध्यक्ष सद्गदित होऊन म्हणाले. मामांनी माइक घेतला. "चूक होतेय. मी उंट मारला." टाळ्या पडल्या. "पाहा, किती हा विनय," अध्यक्ष म्हणाले. "अहो, मारला आणि खाल्ला," मामा म्हणाले, तर हॉल हसून लोटपोट झाला. मामी खाली मान घालून बसल्या होत्या. मी उभा राहून म्हणालो की मी स्वतः तिथे होतो. माझ्या चेष्टेखोरपणाची ख्याती अशी की हसू आणखी वाढलं. शाल मामांच्या खांद्यावर घातली गेली, त्यांनी ती काढली, पुन्हा घातली गेली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच मामांना हतबल झालेलं पाहिलं. अख्ख्या जगाच्या 'नको'ला पुरून उरलेला माणूस, पण कौतुकापुढे त्यांचं काही चालेना.

तेव्हा सई उठली. मंडळात सगळे तिला ओळखतात. सत्यनारायणाच्या पूजेत पंचामृत नाकारणारी ती मुलगी, तिच्या बोलण्याला चेष्टा समजायची कोणाची छाती नाही. आणि ती मराठीत बोलली, एकेक शब्द शोधत.

"बाबांनी उंट मारला. मला आवडलं नाही. अजून नाही आवडत. पण त्यांनी मारला, आणि मग ते त्याच्याजवळ बसले. ते त्यांनी केलंय. तुम्ही ते बदलू नका."

 अध्यक्षांनी मामांच्या खांद्यावरची शाल काढली आणि घडी करून टेबलावर ठेवली. मामीच सगळ्यात आधी सावरल्या आणि म्हणाल्या, "चला, चकल्या मऊ पडतील."

फराळानंतर आम्ही एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, फलाटावर उभे होतो. थंडी होती, गाडीला वेळ होता. सई आपण होऊन वडिलांच्या शेजारी येऊन उभी राहिली.  मग तिनं विचारलं, "कसा होता तो?"

"म्हातारा होता," मामा म्हणाले. "पापण्या ह्या एवढ्या लांब, दुहेरी. त्यांच्यात वाळूचे कण अडकले होते. एकेक कण दिसत होता मला."

उजव्या डोळ्यानं इतकं स्वच्छ त्यांना त्यानंतर काही दिसलेलं नाही, आणि तोवर डाव्यानंही तोच रस्ता धरला होता. समोरचं माणूस पाहायचं तर त्यांना मान जराशी वळवून कडेनं पाहावं लागायचं. सईला ते अजून कोणी सांगितलं नव्हतं. मामांनी मान वळवली, तेव्हा तिला वाटलं ते दुसरीकडेच पाहताहेत, म्हणून तिनं त्यांच्या बाहीला हात लावला. "बघतोय गं," मामा म्हणाले. "तुलाच बघतोय."